सहाव्या गाण्यातली बाई

सहीबाई दादाचे शर्ट न्यायला इस्त्रीच्या दुकानात शिरली, बोलायला तोंड उघडलं, आणि इस्त्रीवाल्या मावशींनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं.

दुकानात दुसरं कुणी दिसेना. मग टेबलाखाली दोन पाय दिसले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. पायांच्या पलीकडे एक माणूस उताणा पडलेला – कानावर हेडफोन, हातात काठीला बांधलेला माइक, आणि गळ्यात, खांद्यावर, कमरेला नुसत्या वायरीच वायरी. इस्त्रीतून वाफ फुसफुसत होती. ओल्या सुताचा तो गरम, दमट वास सहीबाईच्या नाकात गेला आणि ती जोरात शिंकली.

"परत," टेबलाखालून आवाज आला.

"काय परत?"

"एक मिनिट दुकानाची शांतता हवी होती. एकेचाळीस सेकंद झाले होते. आता पहिल्यापासून."

"अहो, शर्ट घ्यायचे आहेत मला. शांतता काय, कुठेही मिळते."

"कुठेही नाही मिळत. प्रत्येक खोलीची वेगळी असते." मग तो टेबलाखालून डोकं काढून वर बघत राहिला. "तुमची तर फारच वेगळी असणार."

मावशी फिसकन हसल्या. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. सहीबाई चार शर्टांसाठी अकरा मिनिटं तिष्ठत उभी राहिली आणि निघताना मनातल्या मनात त्या माणसाच्या नावापुढे तीन फुल्या मारल्या: मोजा, मिनिटं आणि ते शेवटचं वाक्य. तिसरी फुली जरा पुसट उमटली, पण उमटली.

सहीबाईला अशा फुल्या मारायची सवयच होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या एका संगीत कंपनीत तिचं कामच ते. कुठल्याही अल्बमात ज्याचा ज्याचा आवाज असेल, त्याची सही आणायची. सही नाही तर आवाज नाही. तिच्या टेबलावरून बिनसहीचं गाणं कधी पुढे सरकलं नव्हतं, म्हणून तर हे नाव पडलं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी तिच्यापुढे एक फाइल ठेवली आणि फाइलच्या मागोमाग वायरींचा तो भारा आत आला.

"तुम्ही," तो म्हणाला.

"तुम्ही," ती म्हणाली, आणि दोघांच्या सुरात जमीन-अस्मानाचा फरक होता.

ऑफिसात त्याला गुंता म्हणत. अल्बमचं नाव होतं 'इथं कोणी राहत नाही'. हे नाव त्याचं नव्हे, पालिकेच्या नोटिशीतलं. इस्त्रीच्या दुकानाची ती गल्ली पाडून रुंद रस्ता व्हायचा होता आणि नोटिशीत छापलं होतं की सदर जागेवर कोणीही राहत नसल्याचे गृहीत धरण्यात येत आहे. राहत होते पाचसहा देशांतून आलेले लोक, कुणाच्या दोन पिढ्या, कुणाच्या तीन. न्हाव्याकडे त्याच्या आजोबांनी देश सोडताना पाठीला बांधून आणलेलं तारांचं वाद्य होतं. टायरवाला चाकावर हातोडी हाणायचा तीही आपल्या गावच्या तालात. मावशी कपडे भिजवताना त्यांच्या नदीकाठचं धुण्याचं गाणं म्हणत. गुंत्यानं आठ महिने हे सगळं गोळा केलं, खाली मशीनचा छातीत वाजणारा ठोका भरला आणि नऊ गाणी केली. सोमवारी रस्त्याची सुनावणी होती. त्याआधी शुक्रवारी पाचला अल्बम बाहेर पडायलाच हवा होता. हातात पंधरा दिवस.

"आवाज किती?"

"बावीस."

"यादी?"

त्यानं खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. तिनं वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"एक, खोकणारे काका. दोन, खोकणाऱ्या काकांच्या मागे हसणारी. तीन, निळा दरवाजा. अहो, दरवाज्याची सही कशी घ्यायची मी?"

"दरवाज्यामागे आजी आहेत."

"आजींचं नाव?"

"...सूर पंचमात लागतो त्यांचा."

सहीबाईनं पेन खाली ठेवलं. एखादा माणूस आठ महिने एका गल्लीत जातो, लोकांच्या घरचा चहा पितो आणि एकाचंही नाव विचारत नाही, ही तिच्या समजुतीबाहेरची गोष्ट होती. त्याला सगळे ओळखू यायचे, पण आवाजावरून. तो डोळे मिटून सांगायचा, हे पायरीवरचे, हे पायरीखालचे. तेव्हा तिला त्याच्याबरोबर गल्लीत जाणं भागच पडलं.

घरी तिनं यातलं काही सांगितलं नाही. दादा पालिकेच्या रस्ते खात्यात नकाशे काढायचा. त्या रस्त्याचा नकाशा त्याच्याच हातचा होता, आणि त्यात गल्लीच्या जागी स्वच्छ पांढरा पट्टा होता. आपण काय, फॉर्म भरून घेतो, असं तिनं स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात ती बरी होती.

गल्लीत रोज दोघांची जुंपायची. तो वेळेवर यायचा नाही. आला की माइक विसरलेला असायचा, माइक असला की फॉर्म घडी घालून त्याच्यावर चहाचा पेला ठेवलेला असायचा.

"हा काय डाग?"

"चहाचा. काढू का?"

"काढा. आणि माझा जीवही काढा एकदाचा, सुटेन."

"एवढ्यात नको. अजून नऊ सह्या बाकी आहेत."

तिला हसू आलं. ते लपवायला ती फॉर्मात खाली बघून लिहू लागली. तो बघत होता हे तिला न बघता कळलं... आणि तिला याचाच जास्त राग आला.

न्हाव्यानं सही करायला नकार दिला. "आवाज घे बाई, वाद्य घे. पण नाव छापलंत तर पालिकेची माणसं उद्या माझ्या दारात."

"काका, नोटिशीत लिहिलंय तुम्ही नाहीच आहात," सहीबाई म्हणाली. "नसलेल्या माणसाला कोण विचारतं? नाव छापलं की तुम्ही आहात. म्हणून माझा नियम आहे, अल्बमच्या पाठीवर प्रत्येकाचं पूर्ण नाव. नाव द्यायची भीती वाटत असेल तर आवाजही काढते."

न्हाव्यानं वस्तरा मिटून ठेवला. मग त्यानं सही केली, गोल-गोल, सावकाश. गुंता दाराशी उभा राहून तिच्याकडे बघत होता, चहाचा पेला फॉर्मावर नव्हे, स्वतःच्या हातात. गेल्या दहा दिवसांत असं पहिल्यांदा झालं होतं.

बुधवारी बावीस सह्या झाल्या. तेविसावी राहिली ती सहाव्या गाण्यातली. त्या गाण्यात गल्लीतले लोक ती नोटीस आपापल्या भाषेत वाचतात, खालून ठोका चढत जातो, न्हाव्याची तार आणि मावशींचं धुण्याचं गाणं एकमेकांच्या अंगावर धावून येतात... आणि तिथं एक बाई गुणगुणू लागते. शब्द नाहीत, नुसती गुणगुण. पण तिच्यात तार आणि धुण्याचं गाणं अशी एक होतात की जणू ती आधीपासून एकच होती. यादीच्या तळाशी ही नवीनच भर होती: तेवीस, बाई.

"कोण ही?"

गुंता वायर गुंडाळू लागला. त्यानं वायर गुंडाळलेली तिनं आजवर पाहिली नव्हती.

"सापडेल," तो म्हणाला.

तिला कुठला धीर. ती तडक मावशींकडे गेली आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. मावशींनी ऐकलं, इस्त्री उभी केली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"अगं, तूच की."

"मी? मी गात नाही, मावशी."

"गात नाहीस, पण फॉर्म भरताना गुणगुणतेस. रोज या स्टुलावर बसून. सगळी गल्ली ऐकते. तुझ्या ऑफिसात कुणी सांगितलं नाही कधी?"

ऑफिसात सांगायची छाती कुणाची होती?

गुंता तिच्या पाठोपाठ धावत आला होता. दम खात दारात थांबला.

"आठ महिने ते दोन सूर मी एकत्र बसवत होतो," तो म्हणाला. "मशीनवर सगळे प्रकार करून झाले, पण भांडतच राहायचे. आणि तुम्ही इथं बसून पत्ता लिहिता लिहिता... तुम्हाला कळलंसुद्धा नाही. मी सांगणार होतो. पण सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता."

"विचारायचं असतं आधी," ती म्हणाली. आवाज चिडका यायला हवा होता, तसा आला नाही. "सगळ्यांना विचारलं, मला सोडून."

"तुम्हाला विचारायचं त्याची फार मोठी यादी आहे. कुठून सुरुवात करावी कळेना."

एरवी तिनं याला सडेतोड उत्तर दिलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे अल्बमची पाठ उभी राहिली. तेवीस पूर्ण नावं, त्यातलं एक तिचं, आणि तिच्या नावाशेवटी दादाचं आडनाव. न्हाव्याला दटावताना जीभ कशी सरसर चालली होती. आता तीच जीभ टाळ्याला चिकटली.

"शुक्रवारी सांगते," ती म्हणाली.

"सांगा," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी तिनं दादाला सगळं सांगितलं. दादानं कप ठेवला.

"तो पट्टा पांढरा ठेव असं मला वरून सांगितलं होतं. मी हुकमाचा माणूस. तुझं नाव त्यात आलं तर सोमवारी साहेब पहिलं मला विचारतील, हे आडनाव तुमच्यातलंच का."

"आडनाव माझंही तेच आहे, दादा. दुसरं कुठून आणू?"

"अगं, माझ्या बढतीचं..."

"केस कुठे कापता हो तुम्ही?" वहिनी ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली.

दादाचा हात आपोआप मानेकडे गेला. कालच कापले होते. पांढऱ्या पट्ट्यातल्या न्हाव्याकडे.

"मला विचारायला आलीस की सांगायला?" त्यानं विचारलं.

"सांगायला."

तो उठला, डबा न घेता निघाला. वहिनीनं डबा उचलला आणि जिन्यात त्याच्यामागे गेली. सहीबाई ऑफिसकडे निघाली, फॉर्म तिनं वाटेतच पिशवीतून काढून हातात घेतला.

गुंता लॅपटॉपपुढे बसला होता, डोळे तांबारलेले. "बरं झालं आलात. गाणं तयार आहे, ऐका."

तिनं ऐकलं. नोटीस, ठोका, तार, धुण्याचं गाणं. दोन्ही सूर दोन शेजाऱ्यांसारखे कचाकचा भांडले आणि गाणं संपलं.

"गुणगुण कुठाय?"

"काढली. तुमचाच नियम. नाव नाही तर आवाज नाही. तुमचे दादा पालिकेत आहेत हे मावशींकडून कळलं. तुमच्या घरी त्रास होईल, ते मला नको होतं."

"कुणाला विचारून काढलीत?"

"तुम्हीच म्हणाला होतात..."

"मी शुक्रवारी सांगते म्हणाले होते. आज शुक्रवार आहे. अहो, मी सकाळी सख्ख्या भावाशी तोंड वाजवून आलेय. आयुष्यात पहिल्यांदा. तो उपाशी गेलाय माझ्यामुळे, आणि इथं येऊन बघते तर तुम्ही मला पुसून मोकळे. पालिकेत आणि तुमच्यात फरक काय राहिला?"

त्याचे कान लाल झाले, आणि सबंध चेहऱ्यावर असं काही पसरलं की तिला खिडकीकडे बघावं लागलं.

"परत घालतो."

"घालाच. किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं. मूळ जपून ठेवलं होतं... ते मी काढणार नव्हतो. कधीच. अल्बम नसता आला तरी."

तिनं खुर्ची ओढली आणि फॉर्म भरायला घेतला. नाव, पूर्ण. पत्ता. गाणं क्रमांक सहा. शेजारी तो माउस फिरवत होता. मध्येच त्याचा हात थांबला.

"काय?"

"काही नाही. गुणगुणताय."

तिनं ओठ घट्ट मिटले. "काम करा." आणि खालच्या ओळीशी पेन अडलं. तिथं छापलं होतं, संगीतकाराशी नातं, असल्यास. बावीस फॉर्मांवर तिनं स्वतः आडवी रेघ मारली होती. "इथं काय लिहायचं?"

तो खुर्चीसकट वळला. "लिहायचं तर... म्हणजे मला रोज कुणीतरी यादी मागायला हवंय. चहाच्या डागावरून जीव खायला. नावं विसरलो की... आणि नाही विसरलो तरी. तुम्ही. तू. आयुष्यभर, जमलं तर."

"एवढं मावत नाही या ओळीत."

"मग आखडून लिही."

"तुम्हा कलाकारांचं हे असं. नीट एका शब्दात सांगता येत नाही." तिनं पेनाचं टोक ओठांवर ठेवलं. त्या ओळीवर रेघ मारली नाही. तिथं बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलं: ठरलं आहे. खाली सही केली, तारीख घातली आणि फॉर्म त्याच्याकडे सरकवला.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं.

"आता बघत काय बसलायस?" सहीबाई म्हणाली. "खाली तुझी सही राहिलीय. आणि पेला बाजूला घे आधी."