कोरं दिसलेलं पान

१९९८ साली म्हाळसा बारामतीच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. एका बाजाराच्या दिवशी अंथुर्ण्याचा सिद्धू फ्लॉपी घेऊन दारात उभा राहिला.

"मॅडम, इंटरनेटची चार पानं द्या उतरवून. आमच्यात फोन न्हाय."

"उघडणार कशात?"

"उघडायचं मीच लिहितोय."

पुण्यातल्या कंपनीनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्यानं घरी आणला होता. त्यात विंडोज नव्हतं. तालुक्यात कुणी नावही न ऐकलेली ऑपरेटिंग सिस्टीम होती, आणि हा पठ्ठ्या तिच्यासाठी ब्राउझर तयार करत होता.

"वापरणार कोण?"

"सध्या मी. तुमी आलात तर... दोघं."

हसू दाबायला म्हाळसानं फ्लॉपीवर उगाच तारीख लिहिली.

मग तो दर बाजाराला येऊ लागला. ब्राउझरला आधी नुसती अक्षरं दिसायची, पुढं चित्रं दिसू लागली. बाजाराच्या दिवशी म्हाळसाला सकाळपासून घड्याळच दिसायचं. जीव जडला होता, दुसरं काय.

अशात भिगवणचे पाहुणे तिला बघायला यायचे ठरले. तोंडानं सांगणं जमेना, म्हणून तिनं फ्लॉपीत पाचवं पान स्वतः करून घातलं. त्यावर दोनच बटणं होती. वरच्यावर लिहिलं होतं, 'पुढच्या आठवड्यातल्या रविवारी मला बघायला येताहेत, त्यांच्याआधी तुम्ही या'. खालच्यावर, 'येऊ द्या त्यांना'.

पुढच्या बाजाराला सिद्धू खाली बघत म्हणाला, "पाचवं पान कोरं दिसतंय. बटणं अजून जमंना झालीत ब्राउझरला."

"असू दे," म्हाळसा म्हणाली. ब्राउझरशिवाय फाईल तशीच उघडून आतली अक्षरं वाचायला त्याला मिनिटही लागलं नसतं, हे ती जाणून होती. म्हणजे वाचूनच कोरं म्हणतोय. तिला फार लागलं.

रविवारी सकाळी ती पोहे भिजवत होती. पाहुणे यायला अजून अर्धा तास होता. दारात सिद्धू उभा होता, हातात फ्लॉपी, डोळे तारवटलेले.

"बटणं दिसाय लागली," तो म्हणाला.

"वाचलं कधी?"

"पयल्याच दिवशी. पन तुमी बटण दिलं हुतं... ते दाबता यायच्या आत तोंडानं कसं सांगू?"

"मग... दाबलंत कुठलं?"

सिद्धू बाजूला सरकला. त्याच्यामागं अंगणात त्याचे आबा नवा फेटा सारखा करत, चपला काढत होते.

"वरचं," तो म्हणाला.

म्हाळसानं आत जाऊन आणखी दोन मुठी पोहे भिजत घातले.