मागून उचललेलं ध्रुपद

गावाकडच्या, सोनाळ्याच्या गाडीकडे धावताना शरयूचा धक्का लागला तो थेट मृदंगाला. मृदंग खांद्याला अडकवलेला शिवम गर्रकन वळला.

"पाहून चाल ना वं! फुटला असता तं देव रुसला असता माहा."

शिवम तिच्याच कॉलेजातला. धामणगाव बढेच्या सप्ताहात कीर्तनाला साथ करून तो आत्ताच बुलढाण्यात उतरला होता. तिचे ओले डोळे पाहिले, आणि त्याची थट्टा ओठातच राहिली.

"कुठी चालली? आज तं तुही तोंडी परीक्षा हाय ना?"

"नाई देत मी. मागच्या खेपेले तोंडच उघडलं नाई... घरी सांगून टाकीन, बस झालं शिक्षण."

"प्रकल्पाचा विषय काय होता तुहा?"

"पोराईचं मन कशानं सावरते. ज्याले मनातलं सांगाले कोणी असते, तो..." ती अडखळली.

"अन् तू कोणाले सांगितलं?"

प्रकल्पासाठी सगळ्या कॉलेजला हेच विचारत फिरलेली शरयू बॅगेचा पट्टा चाळवू लागली. खोलीतल्या राखीलासुद्धा तिनं काही कळू दिलं नव्हतं!

"रातच्याले बुवायचा दम तुटला, ऐन अभंगात," शिवम हळूच म्हणाला. "मांगून टाळकऱ्यायनं ध्रुपद उचललं, तेच पालुपद गात राह्यले. बुवा पाणी प्याले, अन् पुन्हा रंगले. कोणी म्हटलं का, बुवा हरले?"

"माह्या मांगं कोण हाय?"

त्यानं तिची बॅग उचलली आणि कॉलेजची वाट धरली. सोनाळ्याची गाडी तिला न घेताच सुटली.

परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला आणि तिचं वाक्य अर्ध्यावरच तुटलं. पंख्याची घरघर... कपाळावर घाम... दाराशी शिवम, ओठांत विठ्ठलनाम.

"सर," ती कशीबशी म्हणाली, "मले भेव वाटून राह्यलं. जराक थांबता का?"

परीक्षक वामनरावांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला. "घ्या. घाई नाही."

ती प्याली. मग बोलू लागली. आधी तुटक, मग ओघात. पाठ केलेलं नव्हे, भोगलेलं.

बाहेर आली तर शिवमच घामाघूम!

"झाली माही. तू काऊन भेला?"

"मले बी... कोणाले तरी सांगाचं हाय. लय दिवसाचं."

"मंग सांग ना."

"तू... तू आवडते मले."

शरयूच्या गालांवर रंग चढला. "जराक थांबू का? पाणी आणू?"

"नाई. उत्तर पाहिजे."

"हाव," शरयू म्हणाली. एकदाही न अडखळता.