शेवटच्या ओळीतली चूक

"गोटी काढली, की परत पिशवीत टाकायची का न्हाय?"

पौर्णिमानं दचकून मान वर केली. परतीच्या पावसानं भरदुपारी अंधारून आलं होतं. कॉलेजच्या वाचनालयातली लाइट गेली होती आणि खिडकीजवळच्या एवढ्याशा उजेडात ती वहीवर कोपर आडवं धरून गणितं सोडवत बसली होती. समोर एक मुलगा उभा. केसांतून पाणी निथळतंय, पुस्तक मात्र शर्टाच्या आत कोरडं ठणठणीत. आणि अंगाला कसला तरी वास... जळक्या काडीसारखा.

"कुठली गोटी?"

"या गणितातली. पिशवीत पाच लाल, तीन काळ्या. दोन काढायच्यात, दोन्ही लाल. पहिली परत टाकायची, का तशीच हातात धरून बसायचं?"

"परत टाका असं लिहिलंय का कुठं?"

"न्हाय."

"मग नाही टाकायची."

खरं तर विषय इथंच संपायला हवा होता. पण त्यानं समोरची खुर्ची ओढली, ऐसपैस बसला आणि हसून म्हणाला, "जयभीम. म्या बुद्धघोष. तेरखेड्याचा. तुझ्याच वर्गात हाय, शेवटच्या बाकावर."

"जयभीम," म्हणत पौर्णिमानं वही मिटली.

तिच्या वही मिटण्याला इतिहास होता. गेल्या वर्षी एका मैत्रिणीनं "फक्त बघते गं" म्हणत तिच्या प्रोग्रॅमिंगच्या गृहपाठाचा मोबाइलवर फोटो काढला आणि जसाच्या तसा उतरवला, त्यातल्या चुकीसकट. दोघींना शून्य मिळालं. वर शिवशंकर सरांनी भर वर्गात सांगितलं, "पुन्हा असं दिसलं, तर अंतर्गत गुण विसरा. वर्ष इथंच काढा." शिवशंकर सर संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही शिकवायचे आणि बोललेलं कधी विसरायचे नाहीत. बेंबळीहून रोज एस.टी.नं ये-जा करून, एम.एस्सी.ची स्वप्नं बघत शिकणाऱ्या मुलीचं वर्ष म्हणजे काय गंमत आहे? दुधानं तोंड पोळलेली पौर्णिमा तेव्हापासून ताकच काय, साधं पाणीसुद्धा फुंकून पीत होती.

"मी तोंडानं सांगेन," ती म्हणाली. "वही दाखवणार नाही. आणि मोबाइल उलटा ठेवायचा. टेबलावर, मला दिसेल असा."

त्यानं मोबाइल मुकाट्यानं पालथा घातला. "खिसं बी तपासणार का?"

"गरज पडली तर."

तेव्हा तिला त्याची बोटं दिसली. नखांच्या कडांना काहीतरी चमकत होतं.

"हे काय लागलंय हाताला?"

"चांदी. फटाक्यातली भुकटी." त्यानं बोटं उजेडात धरली. "मम्मी फटाक्यांच्या कारखान्यात कामाला हाय. सुट्टीच्या दिवशी म्या बी जातो मदतीला. दिवाळीत आभाळात जे चमकतंय ना, ते आधी आमच्या नखात असतंय."

वाक्य गोड होतं. इतकं गोड बोलणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावं, असं पौर्णिमाला लगेच वाटलं. तरी तिनं गणित समजावलं. त्यानं ते कागदावर मांडलंही झकास. वीस छेद छप्पन्न आले, आता चारानं भाग दिला की पाच छेद चौदा... आणि यानं लिहिलं पाच छेद तेरा!

"अरे, उद्या चार चोक सतरा म्हणशील! छप्पन्नाला चारानं भागलं की किती?"

"चौदा. चुकलंच की," तो म्हणाला आणि असा काही खूश झाला, जणू पैकीच्या पैकी पडलेत.

त्यानंतर तो रोज यायला लागला. आज अर्थशास्त्रातली मागणी-पुरवठ्याची आकृती, उद्या भौतिकशास्त्रातलं उदाहरण, परवा प्रोग्रॅम. "बघ की, ह्यो लूप थांबतच न्हाय." थांबेल कसा? सगळा प्रोग्रॅम नेटका लिहिलेला आणि शेवटच्या ओळीत मोजणीचा आकडा वाढवायलाच विसरलेला. आकृतीही सुरेख काढलेली, फक्त शेवटी अक्षांची नावं उलटी. पौर्णिमा रागवायची, तो हनुवटीखाली हात घेऊन ऐकायचा. ती बोलता बोलता कानामागं केस सारायची आणि याची नजर कागदावरून उठून तिथंच... आणि तिनं बघितलं की पुन्हा कागदावर.

हे तिला आवडत होतं, हे तिनं स्वतःशीही कबूल केलं नाही. उलट तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली. ज्याला येत नाही तो कुठंही चुकतो. सुरुवातीला चुकतो, मधे चुकतो, कधी एका ओळीत तीनदा चुकतो. हा पठ्ठ्या चुकायचा तो एकदाच, आणि नेमका शेवटच्या ओळीत. असं रोज रोज कसं घडेल? शक्यतेचं गणित तर ती स्वतःच त्याला शिकवत होती.

संशयावर शिक्कामोर्तब केलं वर्षाराणीनं. ही उमरग्याची, मुलींच्या होस्टेलवर राहणारी, पोटात गोष्ट न राहणारी. कॅन्टीनमध्ये समोसा मोडता मोडता ती सहज म्हणाली, "तू बुद्धघोषला गणित शिकवतीस? अगं, सगळ्या पोरांना गृहपाठ त्योच समजावून सांगतोय! मला लूप कुणी शिकवला वाटतंय तुला?"

पौर्णिमाचा चहा थंड झाला.

म्हणजे त्याला सगळं येतं. मग रोज येऊन हा बावळटपणा कशासाठी? पोरांनी पैज लावली असेल. 'बेंबळीच्या शहाणीला बनवून दाखव' म्हणून मागच्या बाकावर खसखस पिकत असेल. नाहीतर वहीवरच डोळा असेल. आज ना उद्या ती बेसावध राहील आणि याचा पालथा मोबाइल उताणा होईल. बसमध्ये तिनं खिडकीला डोकं टेकलं. रस्त्याकडेला लोक भिजलेल्या सोयाबीनच्या ढिगांवर ताडपत्र्या ओढत होते. रडू येतंय आणि ते रागाचंच आहे, असं तिनं स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सापळा लावला. कॉलेजच्या लिंबाखालच्या कट्ट्यावर तो आला, तसा तिनं एक कागद पुढं सरकवला.

"आज माझं गणित. उमरग्याची एस.टी. वेळेवर येण्याची शक्यता अर्धी, उशिरा येण्याची अर्धी आणि अजिबात न येण्याची पाव. तर दोन दिवसांत एकदाही वेळेवर न येण्याची शक्यता किती?"

कच्चा गडी असता तर पेन उघडून गुणाकार करत सुटला असता. बुद्धघोषनं पेनला हातसुद्धा लावला नाही. एक नजर टाकली आणि हसत सुटला.

"अर्धी, अर्धी आन वर पाव? सव्वा झाली की! शक्यता एकाच्या वर कधी जाती का? एवढी शक्यता कुठल्याच डेपोत मिळत न्हाय."

बोलून गेला आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता.

"सापडलास!" पौर्णिमा उभीच राहिली. "एका नजरेत ओळखलंस. आणि मला वाटत होतं, तुला भागाकार येत नाही. पैज लावलीयस ना पोरांशी?"

"न्हाय."

"मग वहीवर डोळा आहे माझ्या."

"वहीवर न्हाय," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

"मग कशावर?"

लिंबाच्या पानांवरचं पाणी टपटपत होतं. तो आपल्या चंदेरी नखांकडं बघत म्हणाला,

"गणित सुटलं असतं... तर दुसऱ्या दिवशी काय घेऊन आलो असतो?"

आपल्याला भेटायला मिळावं म्हणून कुणीतरी रोज बसून, विचार करकरून एक चूक करतं, हे ऐकून कुठल्या मुलीला बरं वाटणार नाही? पौर्णिमालाही वाटलं, अगदी मनापासून. पण लगेच ती पाल.

"हे खरं कशावरून?"

"कसं सांगू... आमच्याकडं फटाका चांगला का फुसका, ते नुसतं बघून कळत न्हाय. वात पेटवावीच लागती. आन एकदा पेटवलेला परत खोक्यात ठेवता येत न्हाय. सगळे फोडून बघितले, तर विकायचं काय? म्हणून दोन-चार फोडायचे आन बाकीच्यांवर इस्वास ठेवायचा." तो थांबला. "म्या माझा पेटवला, पौर्णिमा. आता तू बघ."

"विश्वासबिश्वास मला जमत नाही," ती म्हणाली आणि जवळजवळ पळतच स्टँडकडं निघाली. मागं वळून बघावंसं वाटत होतं. नाही बघितलं.

त्यानंतर तो वाचनालयात आला नाही. वर्गात शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायचा. पौर्णिमा खिडकीजवळ बसायची, चार ओळी लिहायची आणि दाराकडं बघायची. टेबलाच्या कडेला त्याच्या बोटांचा चंदेरी डाग राहिला होता. पुसायला तिनं एकदा रुमालही काढला आणि तसाच परत ठेवला. गणितं पटापट सुटत होती आणि त्याचा काही म्हणजे काही उपयोग नव्हता.

त्याच आठवड्यात शिवशंकर सरांनी गृहपाठ घातला. एक कारखानदार म्हणतो, माझ्या मालातले शंभरात पाचच नग खराब निघतात. हे खरं की खोटं, कसं तपासाल? उत्तर मराठीत आणि स्वतःच्या शब्दांत हवं होतं. पौर्णिमानं ते घरी एका बैठकीत लिहून काढलं. इतकं सरळ उत्तर तिला आधी कधी सुचलं नव्हतं.

सोमवारी सर वर्गात आले, ते दोन कागद हातात घेऊनच.

"सगळे फोडून बघितले, तर विकायचं काय?" त्यांनी वाचून दाखवलं आणि चष्म्यावरून बघितलं. "वाक्य झकास आहे. पण दोघांच्या उत्तरात आहे, शब्दाला शब्द. पौर्णिमा आणि बुद्धघोष. कुणी कुणाचं उतरवलं?"

पौर्णिमाच्या मनात पहिला विचार सवयीचाच आला. यानंच कधीतरी वही बघितली! पण लगेच ते वाक्य तिच्या कानात वाजलं ते लिंबाखालचं, टपटपत्या पाण्यातलं, त्याच्या आवाजातलं. वाक्य त्याचं होतं. वर्षभर वहीवर कोपर ठेवून बसलेल्या मुलीनं दुसऱ्याचं वाक्य उचललं होतं आणि तिचं तिलाच कळलं नव्हतं.

ती उठणार, तोच मागं बाक वाजला.

"सर, म्याच बघून लिहिलं. तिला काय बी ठाऊक न्हाय."

आता तिला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसली की गुण वाचत होते, वर्ष वाचत होतं, एम.एस्सी. वाचत होती. आणि शेवटच्या बाकावरचा तो, ज्याचं काही चुकलं नव्हतं, तिच्याकडं न बघता सरळ फळ्याकडं बघत उभा होता. कशावरून खरं, असं तिनं विचारलं होतं. आणखी कशावरून हवं होतं तिला?

"सर, तो खोटं बोलतोय." पौर्णिमा उठून उभी राहिली. "ते वाक्य त्याचं आहे. मी त्याचा कागद बघितला नाही, पण त्याच्या तोंडून ऐकलं होतं आणि लिहिताना तेच आलं. मला आठवलंसुद्धा नाही की हे त्याचं आहे. म्हणजे... तो बोलतो ते माझ्या लक्षातच राहतं. सगळंच."

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि मागच्या बाकांवरून जी आरोळी उठली! वर्षाराणीनं तर बाक बडवला. सरांनी डस्टर आपटून शांत केलं, पण ओठांच्या कोपऱ्यात त्यांनाही काहीतरी आवरावं लागत होतं.

"ये फळ्याजवळ. समजावून सांग मला हे उत्तर."

तिनं सांगितलं. थोडेच नग का निवडायचे, कसेही हात घालून का निवडायचे, त्यावरून बाकीच्यांबद्दल किती खात्रीनं बोलता येतं आणि कुठं थांबून विश्वासच ठेवावा लागतो. हे शेवटचं सांगताना तिची नजर मागच्या बाकावर गेली आणि तिथंच अडकली.

"समजलंय तुला," सर म्हणाले. "ऐकून, समजून आपलं केलं, तर ती चोरी नव्हे. पण ज्याच्याकडून मिळालं त्याचं नाव तळाशी लिहायचं असतं. घे कागद, लिही. आणि बुद्धघोष, वर्गात खोटं बोलल्याबद्दल तुझे दोन गुण कमी."

सगळ्या वर्गासमोर, सरांच्या टेबलावर वाकून, पौर्णिमानं कागदाच्या तळाशी सावकाश लिहिलं, 'बुद्धघोष'.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं. वाचनालयाच्या खिडकीशी आज बुद्धघोष आधी येऊन बसला होता, उगाच पुस्तक उघडून. समोरची खुर्ची ओढली गेली. पौर्णिमानं आपली वही उघडून त्याच्यापुढं सरकवली, कोपर न ठेवता.

"हे गणित काही सुटत नाही मला."

त्यानं वाचलं. पहिली ओळ बरोबर. दुसरी, तिसरी, सगळी मांडणी तिच्यासारखीच नीटनेटकी. आणि अगदी शेवटी, ठळक अक्षरांत उत्तर लिहिलं होतं, शक्यता सव्वा.

तो बघतच राहिला. ती खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघत होती, पण हसू आवरताना कानातले डूल हलत होते.

"शेवटच्या ओळीत चूक हाय," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "उद्याही असणार आहे."