लियाकत गाडी थांबवून बोलायचा

वेदांग, मघाशी मरीनाहून येताना तू एका हातानं स्टिअरिंग धरून फोन उचललास. तुझी आई शेजारी होती म्हणून मी गप्प बसलो. आता गॅलरीतला दिवा बंद कर आणि इथं बस. वैभवी, तूही ये. माझ्या एका ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेलं सांगतो. ऐकीव नाही.

त्याचं नाव रणजित. पुण्याचा. इथं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एक ट्रान्सपोर्ट कंपनी होती, आता नाही. तो तिथं ऑपरेशन्स बघायचा, मी अ‍ॅडमिन. १० डिसेंबर २००९, गुरुवार. अल धैदच्या पलीकडची आमची साइट बंद झाली होती. त्या वर्षी मंदीत रोजच काही ना काही बंद होत होतं. तिथल्या कामगारांच्या कॅम्पात पडून राहिलेले वॉकीटॉकी सेट यार्डात आणायचे होते. साधं काम. रणजित म्हणाला, मीच जातो, यल्ला, निघतोच. रात्री पावणेअकराला सेटचा खोका मागच्या सीटवर ठेवून तो परत निघाला. सेटमध्ये बॅटऱ्या नव्हत्या. त्या स्टोअरवाल्यानं आधीच काढून घेतल्या होत्या.

पण आधी त्याच वर्षीच्या जानेवारीतलं सांगायला हवं.

आमच्या प्रत्येक ट्रेलरमध्ये एक सेट असायचा. आणि कायदा असा की गाडी चालू असताना हातात फोन असो की सेट, काही धरायचं नाही. दंड, वर लायसनवर काळे पॉइंट. सगळे ड्रायव्हर कायदा मोडायचे, कारण ऑफिसला लगेच उत्तर लागायचं. एक लियाकत तेवढा मोडायचा नाही. पन्नाशीचा, पेशावरकडचा. हाक मारली की पाच मिनिटं शांतता. मग त्याचा आवाज यायचा, "गाडी साइड में लगा दी, साब. अब बोलिए."

रणजितला ती पाच मिनिटं सहन व्हायची नाहीत. त्यातच लोक कमी करायची यादी बनायला लागली होती. एक दिवस तो सेटवर, सगळे ऐकत असताना, लियाकतला म्हणाला, "पहली आवाज में जवाब नहीं आया, तो लिस्ट में सबसे ऊपर तेरा नाम."

चार दिवसांनी, पहाटे, अल धैद रोडवर दाट धुकं होतं. रणजितनं हाक मारली, "लियाकत, किधर पहुंचा?"

पहिल्याच हाकेला उत्तर आलं.

"जी साब, मैं—"

पुढं एक डंपर बंद पडून उभा होता.

काही अडलं नव्हतं रे. रणजितला फक्त कुठं पोचला एवढंच विचारायचं होतं.

पोलिसांनी विचारलं, ड्रायव्हरच्या हातात सेट कसा? रणजित माझ्या टेबलाशी आला. "चारुदत्त, एक सर्क्युलर पाहिजे. गाडी चालवताना सेट वापरू नये, असं. तारीख मागच्या महिन्याची टाक." मी टाइप केलं. बोर्डावर लावलं. त्यावरून लियाकतचीच चूक ठरली. त्याच्या बायकोला, शहनाझला, तसं पत्र गेलं. तुमच्या नवऱ्यानं नियम मोडला, असं. तेही मीच टाइप केलं.

काय म्हणालीस, वैभवी? "व्हाय, काका?" यादीत माझंही नाव येऊ शकलं असतं. एवढंच. याहून बरं कारण असतं तर सांगितलं असतं गं.

तर ती डिसेंबरची रात्र. अकरा वाजून गेल्यावर धुकं उतरलं. रस्त्यावरच्या पट्ट्या दिसेनात. रणजितनं वेग कमी केला. गाडीतला रेडिओ बंद होता. काचा बंद.

अकरा पस्तीसला मागून खरखर ऐकू आली.

त्याला वाटलं, टायरखाली वाळू असेल.

पुन्हा खरखर. मग आवाज.

"साब..."

त्यानं मागं पाहिलं नाही.

"साब... गाडी साइड में लगाइए."

कशीबशी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर लावले. बाहेर काही दिसत नव्हतं. पांढरं. नुसतं पांढरं.

तो मागं वळला. खोका उघडला. एका सेटचा लाल दिवा लागला होता. त्यानं सेट उलटा केला. बॅटरीची जागा रिकामी. आत बोट घालून पाहिलं. रिकामी.

"अब बोलिए, साब."

रागानं नाही. लियाकत रोज जसा बोलायचा, तसंच.

रणजितनं बटण दाबलं. सोडलं. पलीकडे कुणीतरी वाट पाहत होतं... पुन्हा दाबलं. मग तो बोलला. धमकी. ती हाक. खोटी तारीख. चूक लियाकतची नव्हती, त्याची स्वतःची होती. सगळं. बोलता बोलता रडला.

बटण सोडलं.

काही नाही...

लाल दिवा विझला. तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

रणजित घरी गेला नाही. पहाटे थेट पोलीस स्टेशनला गेला आणि जबाब बदलला. मग माझ्या दारात आला. शर्ट घामानं भिजलेला. रात्रीचं सगळं सांगून म्हणाला, "सर्क्युलर मीच टाइप केलं असं सांगितलंय. तुझं नाव घेतलं नाही. तिथंही नाही, सेटवरही नाही." मी त्याला चहा दिला. मीही येतो, असं म्हणालो नाही. पुढं त्याची नोकरी गेली, वर्षभर केस चालली, मग तो पुण्याला परतला. पण लियाकतवरचा ठपका निघाला. शहनाझला दुसरं पत्र गेलं.

तो माझ्या दारात आला त्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, मला जतहून फोन आला. भिवाचा. आमचा जुना ड्रायव्हर, एप्रिलमध्ये यादीत नाव आलं म्हणून गावी गेलेला. रणजितचा जबाब पोलीस आणि मी सोडून अजून कुणाच्या कानावर गेला नव्हता.

"सायेब, रातच्याला रणजित सायबांचं समदं ऐकलं. एक वाजून दहा मिनिटं झाली हुती."

तिथले एक दहा म्हणजे इथले अकरा चाळीस.

मी म्हणालो, "भिवा, तुझ्याकडं सेट कुठला?"

"सेट न्हाई, सायेब. घरात साधा रेडिओ न्हाई. उशाशी कुनी बोलावं, तसं आलं."

"रणजित बोलला, तेवढंच ना?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"भिवा?"

"त्यांचं झाल्यावर लियाकतनं इचारलं की. 'और कागज किसने बनाया, साब?'"

रणजितला मी नंतर दोनदा विचारलं. त्यानं हा प्रश्न ऐकलाच नव्हता.

"मग?" मी भिवाला म्हणालो.

"मग काय न्हाई, सायेब. त्यो जवाबासाठी लई येळ थांबला हुता..."