पाहुण्यांचा साठ वर्षांचा ब्राउझर

कोरं पान पाठवल्याबद्दल कुणी आभार मानल्याचं मी तरी त्या दिवसापर्यंत ऐकलं नव्हतं.

"निमंत्रण मिळालं," यानातून आलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं. "पान पांढरंशुभ्र आहे. एकही अक्षर नाही. म्हणजे आम्ही कुठेही उतरलो तरी चालेल! इतका विश्वास आमच्यावर कुणी टाकला नव्हता. वीस मिनिटं मध्यम आचेवर येत आहोत."

मी चिठ्ठी तीनदा वाचली आणि ते पान माझ्या पडद्यावर उघडलं. माझ्याकडे सगळं जागच्या जागी होतं. मागे सावकाश फिरणारी आकाशगंगा, तिच्यावर पांढरी अक्षरं, खाली गावाचा नकाशा आणि मैदानावर नाचणारा केशरी बाण. हे पान करायला मला अकरा दिवस लागले होते. त्यातले चार एकट्या बाणाला.

आता थोडं पाहुण्यांबद्दल. ढुमी नावाचा ग्रह आपल्यापासून वीस प्रकाशवर्षं लांब आहे. (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो तेवढं. रिक्षावाले तिकडे येत नाहीत.) साठ वर्षांपूर्वी पृथ्वीवरून भरकटत निघालेले काही रेडिओ संदेश ढुमीकरांच्या हाती लागले. त्यांत एक ब्राउझर होता (ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणारा प्रोग्राम), आणि मराठी पाककृतींचं एक पान होतं. त्या पानावरून ते मराठी शिकले. ब्राउझर मात्र त्यांनी जसाच्या तसा जपला. नवीन आवृत्ती घ्यायला पृथ्वीवर यावं लागतं, आणि ते आत्ताशी येत होते.

शिवाय त्यांची एक रीत आहे. यजमानाच्या घरचा घास पोटात जाईपर्यंत त्याचा आवाज ऐकायचा नाही. सगळं लिहून कळवायचं, तेही निमंत्रणाच्याच पानावर. ते पान ढुमीकर दर तीन मिनिटांनी नव्याने उघडून बघतात.

आमच्या बोरवंड गावाने ते पान माझ्याकडून करून घेतलं होतं, कारण बारा वर्षांखालच्या गटात पानं करण्यात माझा पहिला नंबर आला होता. त्या गटात मी एकटीच होते, पण नंबर तो नंबर.

तेवढ्यात दुसरी चिठ्ठी आली.

"वरून एक सुरेख धावपट्टी दिसते. हिरव्या पट्ट्या ओळीत मांडल्या आहेत. दोन्ही बाजूंना माणसं स्वागताला शांत बसली आहेत. तिथेच उतरतो."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. पंचायतीच्या पटांगणात पाहुण्यांच्या मानाची पंगत मांडली होती. पाहुणे दुसऱ्या पंगतीला बसणार होते, पहिलीला गाव बसलं होतं. केळीची तीनशे पानं. तिसऱ्या ओळीत माझी आई. आणि यान होतं आमच्या पाण्याच्या टाकीएवढं.

मी पडद्याची पाटी उचलली आणि धावत सुटले.

"उठा! सगळे उठा! यान इथेच उतरतंय!"

कुणी हललं नाही.

"पानावर बसलेलं माणूस मधेच उठतं का गं?" सुलभाकाकू म्हणाल्या. "मीठ वाढून झालंय."

"किती वेळ आहे?" निवृत्त हेडमास्तर गायधनी सरांनी विचारलं.

"पंधरा मिनिटं!"

"मग वरणावर तूप येईल तोवर. बघू पुढचं पुढे."

आईने मला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं. चारचौघांत ओरडल्याचा हिशेब ती घरी करणार होती, यान पडलं तरी.

पंगतीच्या टोकाला तात्या उभे होते. तात्या म्हणजे माझे आजोबा. चाळीस वर्षं ते वेबडिझायनर होते. एकच पान अकरा ब्राउझरांत हुबेहूब सारखं दिसावं म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं. ते कधीच सारखं दिसलं नाही. तेव्हापासून ते फार शांत आहेत. हल्ली ते पंगतीतलं वाढप सांभाळतात, आणि त्यांच्या हाताखाली बंडोपंत असतो. बंडोपंत जुना यंत्रमानव आहे. त्याला सोळाच पदार्थ ठाऊक आहेत.

"तात्या, त्यांना माझं पान कोरं दिसतंय! यान बिघडलंय त्यांचं!"

"बिघडलं असतं तर बरं होतं," तात्या म्हणाले. "बंडोपंत, जिलबी वाढ."

बंडोपंताने जिलबी वाढली.

"बंडोपंत, ब्रोकोलीचा फेस वाढ."

बंडोपंत थांबला नाही, बोलला नाही, त्याचा लाल दिवाही लागला नाही. तो सरळ पुढच्या पानाकडे गेला.

"आता सांग, काय झालं?"

"त्याला शब्द कळला नाही, म्हणून त्याने तो सोडून दिला."

"भांडला?"

"नाही."

"ब्राउझरही असाच वागतो. तू शैलीपत्रक लिहितेस की नाही? पान कसं दिसावं त्याच्या सूचनांची यादी." हे शेवटचं ते माझ्यासाठी नाही, मागे उभ्या असलेल्या गायधनी सरांच्या नातवासाठी म्हणाले. "त्यातली जी सूचना ब्राउझरला कळते ती तो पाळतो. जी कळत नाही ती मुकाट्याने गाळतो. तक्रार करत नाही, म्हणून तर आपल्याला पत्ता लागत नाही. आता तुझ्या सूचना म्हण बघू."

"अक्षरांचा रंग पांढरा."

"ही त्यांच्या ब्राउझरला कळली. पुढची?"

"पार्श्वभूमी, फिरती आकाशगंगा." मी थांबले. "ही सोय तर दोन वर्षांपूर्वी आली. म्हणजे ती गाळली गेली. म्हणजे पांढऱ्या कागदावर... पांढरी अक्षरं."

"भातात मीठ शोधायला लावलंस पाहुण्यांना," तात्या म्हणाले.

"काढून टाकते आकाशगंगा!" मला रडूच यायला लागलं होतं.

"कशाला? चांगली आहे ती. तिच्या आधी एक साधी ओळ लिही. पार्श्वभूमी, गडद निळी. तिच्याखाली आकाशगंगा राहू दे. जुना ब्राउझर पहिली ओळ पाळेल, दुसरी गाळेल. नव्याला दोन्ही कळतील, आणि दोन सूचना एकाच गोष्टीबद्दल असल्या की नंतरची जिंकते."

मी तिथेच, लोणच्याच्या बरणीवर पाटी टेकवून, ती ओळ घातली. तीन मिनिटांनी चिठ्ठी आली.

"अक्षरं उमटली! निळ्यावर पांढरी, जणू डोशावर खोबरं. 'बाणाच्या जागी उतरा' असं वाचलं. बाण नेमका हिरव्या धावपट्टीवर आहे. आमचा अंदाज बरोबर ठरला. नऊ मिनिटं."

"बाण मैदानावर आहे!" मी ओरडले. "मी त्याला तिथे खिळा मारलाय!"

खिळा ही अगदी नवीन सूचना आहे. पानावरची एक वस्तू दुसरीला चिकटवून ठेवायची असली की ती वापरतात. माझा बाण मैदानाच्या चित्राला चिकटलेला होता. म्हणजे माझ्याकडे होता.

"त्यांच्या ब्राउझरने खिळाही गाळला," मी हळूच म्हणाले. "मग बाण घसरून नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात गेला. आणि डाव्या कोपऱ्यात पटांगण आहे."

"आधी काहीच कळत नव्हतं, आता चुकीचं कळतंय," तात्या म्हणाले. "प्रगती आहे."

वर आकाशात एक ठिपका दिसायला लागला होता. पंगतीत बटाट्याची भाजी फिरत होती.

"तात्या, दुसऱ्या कुठल्या पद्धतीने बाण बसवू? मोजून ठेवू? पण त्यांच्या पडद्याची रुंदी मला कुठे माहीत आहे?"

तात्यांनी हातातलं भाताचं भांडं खाली ठेवलं. "केतके, आपण पानावर पहिल्यांदा काय पोचवतो ते बघ. माणूस उपाशी उठू नये एवढं आधी. कुरडई नंतर. तुझ्या निमंत्रणात पाहुण्यांना कळलीच पाहिजे अशी गोष्ट कुठली?"

"कुठे उतरायचं ती."

"आणि ती तू कुणाकडे सोपवलीस?"

चार दिवस राबून केलेल्या बाणाचं नाव घ्यायला जीभ रेटत नव्हती.

मग मी पानाच्या अगदी वरती, काहीही नक्षी न करता लिहिलं: "हिरव्या पानांवर उतरू नका. ती धावपट्टी नाही, जेवण आहे. निळ्या टाकीपलीकडे मोकळं मैदान आहे. तिथे उतरा."

"आणि बाणाचं काय? तो अजून चुकीच्या जागी आहे," मी म्हणाले.

"विचारून वाढ," तात्या म्हणाले.

ते मला माहीत होतं, फक्त मी कधी वापरलं नव्हतं. शैलीपत्रकात ब्राउझरला प्रश्न विचारता येतो: 'तुला खिळा कळतो का?' कळत असेल तरच पुढच्या सूचना पाळायच्या. मी बाण मुळात लपवून टाकला आणि त्याला दाखवायची सूचना त्या प्रश्नाच्या आत ठेवली.

"पण तात्या, साठ वर्षांच्या ब्राउझरला हा प्रश्नच कळला नाही तर?"

तात्यांनी बंडोपंताकडे बोट दाखवलं. तो ब्रोकोलीच्या फेसाचं भांडं ओलांडून शांतपणे मठ्ठा वाढत होता.

"तर तो प्रश्नासकट सगळं गाळेल!" मी म्हणाले. "आणि बाण लपलेलाच राहील!"

मी पान पाठवलं. चार मिनिटं उरली होती. ढुमीकर पुढच्या तीन मिनिटांत एकदाच ते उघडणार होते. ठिपक्याचं पातेलं झालं, पातेल्याची टाकी झाली, पटांगणावर सावली पडली. सुलभाकाकूंनी मान वर केली आणि पदराने वाटी झाकली. आईचं माझ्याकडे लक्ष होतं. मीसुद्धा तिच्याशेजारी जाऊन बसले. उठणार नसतील तर नसतील.

यान डोक्यावर थबकलं. मग बाजूला सरकलं, निळ्या टाकीवरून गेलं आणि मैदानात उतरलं. वाऱ्याने अडतीस पापड उडाले. उठलं कुणीच नाही.

"क्षमा असावी," शेवटच्या चिठ्ठीत होतं. "जेवणावर उतरण्याची कृती आमच्याकडच्या पाककृतींत नव्हती."

ढुमीकर दिसायला उपड्या पातेल्यासारखे असतात, त्यामुळे स्वयंपाकघरात त्यांना शोधावं लागतं. दुसऱ्या पंगतीत त्यांना फक्त वरणभात ओळखता आला. तो ते पोटभर जेवले आणि बाकीचं त्यांनी मुकाट्याने बाजूला ठेवलं. बंडोपंताशी त्यांची लगेच मैत्री झाली.

निघताना त्यांनी मला परतीचं निमंत्रण दिलं, त्यांच्याकडच्या अगदी नव्या पद्धतीने केलेलं. ढुमीकरांना आपल्याला न दिसणारे अकरा रंग दिसतात, आणि पानाला म्हणे वासही होता. मी ते माझ्या पडद्यावर उघडलं. नक्षी नाही, रंग नाही, वास तर नाहीच. बहुतेक पान रिकामं होतं.

पण सगळ्यात वर साध्या काळ्या अक्षरांत एक ओळ होती: "केतकी आणि तात्या, जेवायला या. मोठ्या खडकाच्या डावीकडे उतरा. उजवीकडे आमची पंगत असते."

तात्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग ते माळ्यावर बॅग शोधायला गेले.