साहेबाचं मीठ

सांगतो, पन मधात टोकू नको. अन् रातचं नाई हे, भर दुपारचं होय.

मे महिना होता. आमच्या तांड्याच्या धावजी नाईकानं माह्या हातात मिठाची पुडी देल्ली. “लखन, साहेबाच्या कबरीवर टाकून ये. मस्करी नको करजो बे.”

कबर माळावर हाये. साहेब गोरा, पन जन्मला इकडंच, छावनीत. पोऱ्या होता तवाच शिडाच्या जहाजावर चढला. तोफा चालवल्या, कप्तान झाला. पन जहाजावरचे गोरे त्याले ‘हिंदुस्थानी’ म्हनून हिनवत, अन् इथचे लोक फिरंगी म्हनत. आमचे लोक तवा समुद्राकडून बैलावर मीठ आनत. म्हातारपनी तो त्याह्यच्या संग जन्मगाव पाहाले निंगाला, अन् वाटतच तापानं गेला. मरतानी म्हने, इथी समुद्र नाई, तं मीठ तरी देत जा. म्हनून दर उन्हाळ्यात मीठ.

माहा दोस्त शाम संग होता. वाटंत आम्ही कैऱ्या पाडल्या. आता मिठाबिगर कैरी कशी लागते सांग?

“मेलेल्या मानसाले कायले पायजे बे मीठ?” म्हनत मीच पुडी फोडली. माहे दात आंबले होते, मी नुसतं बोट लावून चाटलं. शामनं कागदबी चाटला. कबरीवर मूठभर माती टाकली. झालं काम!

मंग वारा पडला. ना चिमनी, ना बकरी. कुठूनतरी दोराची करकर आली... ओल्या लाकडाचा वास आला. माळावर ऊन पान्यावानी हालून राह्यलं होतं. शाम तिकडंच पाहे.

“लखन... कोनीतरी बलावून राह्यलं.”

“ऊन लागलं तुले. चाल घरी.”

“त्याचं मीठ खाल्लं ना बे... जा लागते.”

तो चालाले लागला. मले वाटलं, माहीच मस्करी करते लेकाचा. हासलो. मंग त्याचे पाय दिसनात... मंग गुडघे... मंग कंबर. मी जीव तोडून पयालो, कॉलर धरून ओढत आनला. त्याची पँट कमरेलोक ओली होती. माळावर पान्याचा थेंब नाई.

तवापासून शाम बोलत नाई. घरात झोपत नाई. जहाजावरच्या खलाशावानी दोन लिंबाच्या मधात लुगड्याची झोळी बांधून पडते. वारा नसला तरी झोळी हालते. मी रोज बाजूले जाऊन बसतो. त्याच्याबिगर मले दुसरं हाये कोन?

काल त्यानं डोये उघडले. मले वाटलं, आता जुन्यावानी शिवी देते.

तो हळूच सरकला, अन् झोळीत माह्यापुरती जागा केली.