रिकाम्या गाडीचा भार

नागोरावांची पिकअप शेडमधून बाहेर काढली तेव्हा उन्हाळा नुकता तापायला लागला होता. घाटंजीपासून थोडं आत, रस्त्याला लागूनच त्यांचं घर आणि घरामागे शेत. शेताच्या बांधाला टिनाची शेड, आणि तिच्यात जवळपास चाळीस वर्षं उभी असलेली ही गाडी. बसकं नाक, गोल दिवे, मागे सागवानी फळ्यांचा डाला. नागोरावांनी ती तरुणपणी लिलावात घेतली होती. तिच्यातून त्यांनी कापूस वाहिला, वऱ्हाडं नेली, आणि आजूबाजूच्या कोलामांच्या पोडांवर, बंजाऱ्यांच्या तांड्यांवर कोणी आजारी पडलं तर त्याला यवतमाळच्या दवाखान्यात पोचवलं. मग एका पावसाळ्यात गाडी शेडमध्ये लावली ती लावलीच. पुढे सगळा जन्म नागोराव सायकलवर फिरले. सकाळी शेडमध्ये जायचे, गाडी पुसायचे, इंजिन थोडा वेळ सुरू ठेवायचे आणि दार लावून परत यायचे. गाडी विकली नाही आणि कोणाला चालवूही दिली नाही. या हिवाळ्यात ते गेले.

मुलगा प्रफुल्ल. त्याने टिपेश्वरच्या जंगलाजवळ पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. बाबांची गाडी कापून तिची उघडी सफारी गाडी करायची, टप काढायचा, डाला काढायचा, उंच बाकं बसवायची, असं त्याच्या मनात होतं. थोरली बहीण साधना वणीला शाळेत शिकवायची. तिला ते पटत नव्हतं. गाडी जशी होती तशी करून दारात उभी ठेव, एवढंच तिचं म्हणणं. दोघं भांडले नाहीत, पण फोनवर बोलणं तुटक झालं होतं. आई, प्रभावतीबाई, या विषयावर काहीच बोलत नव्हती.

गावातल्या भीमराजच्या ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी पांढरकवड्याला न्यायची ठरली. पहिल्याच चढावर भीमराजने ट्रॅक्टर थांबवला आणि मागे वळून ओरडला, "भाऊ, काय भरलं हो हिच्यात?"

"काही नाही बा. रिकामी हाये," मागे गाडीच्या स्टेअरिंगवरून प्रफुल्ल म्हणाला.

भीमराज उतरून आला. डाल्यात डोकावला. आत वाळलेला पाला आणि चिमणीचं जुनं घरटं. तो परत जाऊन बसला. पांढरकवड्यापर्यंत त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

देवीलालचं गॅरेज हायवेला लागून. बंजारा माणूस, साठीचा, मोजकं बोलणारा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिनवर हात ठेवला आणि म्हणाला, "जीव हाये हिच्यात. सांगा, बनवायची का बदलायची?"

प्रफुल्ल म्हणाला, "बदलायची." वणीहून तिथेच आलेली साधना म्हणाली, "बनवायची." देवीलाल हसला. "पहिले चालती करतो. मंग ठरवा."

इंजिन लवकर बोललं. घोटाळा निघाला तो मागच्या पाट्यांचा, म्हणजे भार पेलणाऱ्या स्प्रिंगांचा. गाडी मागून बसलेली होती, कोणी पोती रचून ठेवावीत तशी. पाटे म्हातारे झाले असतील म्हणून देवीलालने नवे टाकले. संध्याकाळी गाडी ताठ उभी होती. सकाळी पाहिलं तर पुन्हा बसलेली. त्याने आणखी जाड पाटे टाकले. तेही सकाळी सपाट. तेव्हा त्याने प्रफुल्लला फोन केला.

"डाला कापाच्या आधी एकदा रोडवर पाहून घ्या, भाऊ. ताईलेही आना सोबत."

"काहून? ताईचं काय काम?"

देवीलाल म्हणाला, "मले वाटते, दोघं असलेले बरे."

दोघं आले ते नवतपाच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत. दुपार चढली होती. हायवेवरचं डांबर मऊ झालं होतं आणि समोरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. त्या भागात अशा वेळी माणूस दिसत नाही. पाखरूही बोलत नाही. ज्याला रात्रीचं भ्यायचं त्याने खुशाल भ्यावं. आमच्याकडचा सगळ्यात एकांताचा प्रहर हाच. प्रफुल्लने गाडी हायवेवरून घाटंजीच्या जुन्या रस्त्याला वळवली. शेजारी साधना, तोंडाला ओढणी बांधून. मागे काहीच नाही.

गाडी चालत होती, पण भरल्यासारखी. चढावर दम खात होती. वळणावर मागचा भाग सावकाश झुकायचा आणि सावकाश सावरायचा.

सागाचं जंगल लागलं. पानं गळून गेलेली, नुसते खांब उभे. आणि टपावर थाप पडली.

प्रफुल्लने वर पाहिलं. "फांदी लागली वाटते."

फांदी कुठेच नव्हती. पुन्हा थाप पडली. उघड्या पंजाची, पूर्ण तळव्याची. डाल्यात उभा असलेला माणूस केबिनच्या टपावर मारतो तशी.

"प्रफुल..." साधना अगदी हळू म्हणाली, "थांबव."

त्याने ब्रेक मारला. धूळ पुढे गेली आणि विरली. शांत झालं. मग डाल्याची मागची उघडती फळी, फाळका, करकरला, गाडी एका अंगाला किंचित कलली, आणि परत वर आली. कोणी पाय खाली टाकून उतरावं, इतकंच.

प्रफुल्ल उतरला. रस्त्यावर कोणी नव्हतं. एका बाजूला मोहाचं झाड आणि झाडामागून गावाकडे जाणारी पायवाट. डाला रिकामा होता. पण त्यातून एक वास येत होता. दवाखान्यातल्या औषधाचा, आणि त्याखाली कुबट, पावसात भिजलेल्या गोणपाटाचा. भर उन्हाळ्यात.

तो परत येऊन बसला तेव्हा साधनाने ओढणी सोडली होती.

"तुले आठवत नसन," ती म्हणाली. "तू पाळण्यात होता. त्या वर्षी हगवणीची साथ आली. बाबा गावोगाव जाऊन लोकायले उचलत अन् यवतमाळले नेत. घरच्यायले सांगत, मीच आणून सोडतो परत. मंग नाल्यायले पूर आला. रस्ते बंद. बाबा तिकडं अडकले. जे गेले ते तिकडंच गेले, तिकडंच त्यायले जाळलं. पूर उतरल्यावर बाबा रिकामी गाडी घेऊन आले."

"मंग?"

"आले, पण उतरले नाही. आई म्हणे, या ना घरात. बाबा म्हणत..."

"काय म्हणत?"

"म्हणत, कसा येऊ? मांगं सगळे बसले हायेत."

प्रफुल्लला राग आला. भीतीचाच होता तो, पण त्याला राग वाटला. "ताई, तू मास्तरीण हायेस. आपल्या घरात देव नाही, तं भूत कुठून येईन? बाबाच सांगत ना हे?"

"बाबाच सांगत," साधना म्हणाली. "अन् बाबाच सायकलवर फिरले. गाडी इथवर आणाची हिंमत नाही झाली त्यायची."

प्रफुल्लने चावी फिरवली. परतावं असं त्याच्या मनात होतं, पण रस्ता अरुंद, वळायला जागा नव्हती. गाडी पुढे निघाली. आणि थोड्या वेळाने पुन्हा थाप पडली.

या वेळी कोलामांचं पोड होतं. कुडाच्या भिंती, सारवलेली अंगणं. पहिल्याच घराच्या पडवीत एक म्हातारी बसली होती, कपाळावर गोंदण, डोळे बारीक करून गाडीकडे पाहत. रुखमाबाई तिचं नाव, ते तिनेच नंतर सांगितलं. ती काठी टेकत उठली.

"नागोरावची गाडी व्हय ना?"

"हो, मावशी," साधना म्हणाली. "मी त्यायची पोरगी. हा माया भाऊ."

"मी रुखमाबाई." म्हातारी दोघांकडे पाहतच नव्हती. ती त्यांच्या मागे पाहत होती. फाळका करकरला, गाडी कलली, वर आली. म्हातारी आत गेली, तांब्या घेऊन आली आणि दारासमोरच्या भुईवर पाणी ओतलं. आधी एका जागी. मग त्याच्या शेजारी, तेवढंच. जसं कोणाच्या पायांवर ओततात.

"लई उशीर केला," ती म्हणाली. ते कोणाला म्हणाली, कळलं नाही. मग दारातून बाजूला झाली, थोडी थांबली, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर प्रफुल्लने परतायचं नाव काढलं नाही. थाप पडली की थांबायचं, गाडी वर आली की निघायचं. एका तांड्यावर थांबले. एका पडक्या कापूस जिनिंगजवळ थांबले. दर वेळी गाडी हलकी व्हायची, हे स्टेअरिंगवरच्या हातांना कळत होतं. भीती गेली नव्हती. पण भीतीसोबत एक काम हाताशी आलं होतं, आणि काम हाताशी असलं की माणूस श्वास घेतो.

एका तलावापाशी मात्र वेगळं झालं. तिथे गाव नव्हतं. जुनं गाव कधीच पाण्याखाली गेलं होतं. उन्हाळ्याने पाणी मागे सरून भेगाळलेला गाळ उघडा पडला होता, आणि त्यात घरांच्या जोत्यांचे चौकोन दिसत होते. टपावर थाप पडली ती जोरात. पाठोपाठ दुसरी. तिसरी. टपाचा पत्रा आत दबला आणि साधनाने कानांवर हात ठेवले.

"थांबलो ना... थांबलो..." प्रफुल्ल ओरडला.

फाळका धाडकन पडला. गाडी उसळली. मग कितीतरी वेळ काही झालं नाही. दूर, गाळाच्या मधोमध, एका जोत्यापाशी धुळीची बारीकशी वावटळ उठली. ती त्या चौकोनाच्या आत घुटमळत राहिली, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. जसं कोणी दार शोधतं आहे.

"चाल," साधना म्हणाली. "चाल, भाऊ. पाहू नको."

ऊन कललं तेव्हा शेवटची थाप पडून गेली होती. गाडी आता फुलासारखी हलकी पळत होती. खड्ड्यात आपटली की मागे नुसता रिकाम्या पत्र्याचा खडखडाट. प्रफुल्लने एका ठिकाणी उतरून मागचे पाटे पाहिले. कमानीसारखे ताठ. तो वाकलेलाच राहिला थोडा वेळ. उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, बाबा येवढे दिवस हे सगळं घेऊन बसले होते काय गं?"

साधनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही कापत मी गाडी," तो म्हणाला. "सफारीले दुसरी पाहीन. देवीलालले सांगतो, होती तशीच कर. डाला, टप, सगळं. अन् शेडमध्ये नाही ठेवत. चालवतो. बाबा चालवत तशी."

साधनाला बरं वाटलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा दोघांत मोकळं बोलणं झालं. बाबांच्या आठवणी निघाल्या. ते हसलेसुद्धा. पांढरकवड्याला परत न जाता गाडी आधी घरी न्यायची, आईला दाखवायची आणि उद्या देवीलालकडे सोडायची, असं ठरलं. प्रफुल्लने रस्त्यातूनच देवीलालला फोन करून निर्णय कळवला. पलीकडून देवीलाल "बरं" म्हणाला. मग, "विचार करून सांगतलं ना, भाऊ?" इतकंच विचारून त्याने फोन ठेवला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणात गाडी उभी करून प्रफुल्लने इंजिन बंद केलं. चावी काढली. आई दारातच उभी होती. घरात अजून दिवा लावलेला नव्हता, त्यामुळे तिच्या मागे नुसता काळोख होता.

"आई," प्रफुल्ल खिडकीतूनच म्हणाला, "नाही कापत गाडी. बाबायची होती तशीच ठेवतो. तशीच चालवतो."

प्रभावतीबाईने मान वळवून घरात, त्या काळोखात पाहिलं, हे शब्द आत कोणी ऐकले का ते पाहावं तसं. मग डोक्यावर पदर घेतला आणि उंबऱ्यावरून बाजूला सरकून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. अरुंद दारातून माणसं जायला लागली की घरची बाई उभी राहते, तशी. अंग चोरून. नजर खाली.

"आई... कोण हाये घरात?" साधनाने विचारलं.

आई तशीच उभी. बराच वेळ.

मागे फाळका करकरला. गाडी एका अंगाला कलली. पण या वेळी ती वर आली नाही, थोडी खाली बसली. पुन्हा कलली. आणखी खाली बसली. पुन्हा. पुन्हा. नवे जाड पाटे एकेक करून दबताना त्यांचा आवाज होत होता. प्रफुल्लला वळून मागच्या काचेतून पाहायचं होतं, पण मान वळेना. साधनाने त्याचं मनगट धरलं होतं, आणि तिची नखं त्याच्या कातडीत रुतली होती, ते दोघांनाही कळत नव्हतं.

शेवटी गाडी टेकली. अंगणात सामसूम झाली. आईने मान वर केली आणि गाडीकडे न पाहता म्हणाली, "सांभाळून बसा जी."

आणि टपावर थापा पडल्या. दोन.

एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे सगळे बसले, आता चल. आमच्या भागात हे कोणाला शिकवावं लागत नाही. प्रफुल्लच्या हाताने चावी लावली, इंजिन सुरू झालं.

कुठं जायचं, ते मात्र कोणी सांगितलं नाही.